बालीला जाताना ई-सिम कोणते घ्यावे? जीबीआधी टॉवर पाहा

सहा रात्री-सात दिवसांचे बालीचे पॅकेज ठरते, तिकिटे हातात येतात, व्हिसाचेही मार्गी लागते. मग शेवटच्या आठवड्यात एक प्रश्न उरतो: तिथे फोनचे काय करायचे? इथल्याच कंपनीचा रोमिंग पॅक मारायचा, विमानतळावर उतरून स्थानिक सिम घ्यायचे, की घरबसल्या ई-सिम विकत घ्यायचे? इंटरनेटवर शोधले तर ‘१० जीबी इतक्यात’, ‘अनलिमिटेड तितक्यात’ अशा जाहिरातींची रांग दिसते. बहुतेक जण भाव आणि जीबी यांची तुलना करून त्यातल्या त्यात स्वस्त पर्याय घेतात.

शहरात फिरायचे असेल तर ही पद्धत चालून जाते. बेटावर ती फसू शकते. ई-सिम विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा स्वतःचा एकही टॉवर नसतो. त्या स्थानिक कंपनीचे नेटवर्क घाऊक भावाने घेऊन किरकोळीत विकतात. तुमच्या फोनला कड्यावर, भातशेतीत किंवा बोटीच्या धक्क्यावर रेंज मिळेल की नाही, हे त्या मागच्या कंपनीवर ठरते. म्हणून पहिला प्रश्न ‘किती जीबी’ हा नसून ‘कोणाचा टॉवर’ हा आहे. दुसरा प्रश्नही डेटाचा नाही, तो आपल्या भारतीय नंबरवर येणाऱ्या ओटीपीचा आहे. हे दोन्ही आधी सोडवले की भावाची तुलना सोपी होते.

ई-सिम म्हणजे काय, आणि आपल्या फोनमध्ये चालेल का?

नेहमीच्या सिम कार्डात एक चिप असते आणि त्या चिपमध्ये तुमच्या कंपनीची ओळख लिहिलेली असते. ई-सिममध्ये ही चिप फोनच्या आतच कायमची बसवलेली असते. कंपनीची ओळख, म्हणजे ‘प्रोफाइल’, इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवले जाते. त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायचा किंवा कंपनीच्या ॲपमधले बटण दाबायचे. एका चिपमध्ये अनेक प्रोफाइल साठवता येतात, मात्र एका वेळी चालू ठेवता येतात ती एक किंवा दोनच. प्रवाशाच्या दृष्टीने मोठा फायदा हा, की भारतीय सिम फोनमधून काढावे लागत नाही. पिन शोधा, ट्रे उघडा, इवलेसे कार्ड पाकिटाच्या कोपऱ्यात जपा, हा उद्योग संपतो.

फोनला ई-सिमची सोय आहे का, हे पाहायला जाहिरातींच्या याद्या वाचायची गरज नाही. डायल पॅडवर *#०६# दाबा. आयएमईआयच्या जोडीला ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर सोय आहे. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ती आहे. चीनच्या बाजारासाठी बनलेले बरेच आयफोन अपवाद, कारण त्यांत दोन खरी सिम कार्डे बसतात आणि ई-सिम नसते. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनांत ही सोय बहुधा असते, स्वस्त फोनांत अनेकदा नसते. दुसरी अट म्हणजे फोन कोणत्याही एका कंपनीला ‘लॉक’ केलेला नसावा. भारतात विकत घेतलेल्या फोनांना ही अडचण सहसा येत नाही. अमेरिकेतल्या भावाने हप्त्यांवर घेतलेला फोन तुमच्याकडे आला असेल तर मात्र आधी तपासा.

फोनला ई-सिम नसेल, तर पुढचे बरेचसे मुद्दे साध्या स्थानिक सिमलाही लागू पडतात. फक्त ते डेनपसारच्या विमानतळावर किंवा शहरातल्या दुकानात घ्यावे लागेल.

बालीत टॉवर कोणाचे?

इंडोनेशियात आता तीन मोठे गट उरले आहेत. टेल्कोमसेल ही सरकारी टेल्कोम इंडोनेशियाच्या ताब्यातली कंपनी, तिच्यात सिंगापूरच्या सिंगटेलचाही हिस्सा आहे. इंडोसात उरेडू हचिसन हा २०२२ च्या सुरुवातीला झालेल्या विलीनीकरणातून आलेला गट. तिसरा एक्सएलस्मार्ट, जो एक्सएल आणि स्मार्टफ्रेन यांच्या एप्रिल २०२५ मधल्या विलीनीकरणातून बनला. देशभर सर्वांत दूरवर पसरलेले जाळे टेल्कोमसेलचे आहे आणि त्याचे दरही बहुधा चढे असतात. आपल्याकडे खेड्यात गेल्यावर एकाच कंपनीची रेंज येते आणि बाकीचे फोन खिडकीबाहेर हात काढून बसतात, तसाच हा प्रकार.

यातून बालीच्या सहलीसाठी काय निष्कर्ष काढायचा, ते तुमच्या मार्गावर अवलंबून आहे. कुटा, सेमिन्याक, चांगू, सानुर, नुसा दुआ, उबुड एवढेच पाहायचे असेल तर तिन्हींपैकी कोणतेही नेटवर्क पुरते. तिथे दाट वस्ती आहे, हॉटेल आहेत, प्रत्येक कॅफेत वायफाय आहे. अशा सहलीत स्वस्त ई-सिम घेण्यात काही चूक नाही, उलट महाग घेणे ही उधळपट्टी.

मार्गात उत्तरेकडचे मुंडुक, पूर्वेकडचे आमेड किंवा सिडेमेन, समुद्रापलीकडचे नुसा पेनिडा, लोंबोकजवळची गिली बेटे यांपैकी काही असेल तर गणित बदलते. डोंगरांच्या कुशीतली गावे आणि छोटी बेटे इथे टॉवर मोजके असतात. ज्या कंपनीचा टॉवर जवळ आहे तिचेच चालते. बाली करून कोमोडो पाहायला फ्लोरेसच्या लाबुआन बाजोला जाणार असाल तर टेल्कोमसेलवर चालणाऱ्या ई-सिमशिवाय दुसऱ्याचा विचार मी तरी करणार नाही. आणि तिथल्या दोन-तीन दिवसांच्या बोट सफरीत कोणतेही सिम घेतले तरी तासन्‌तास रेंज नसते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर इकडे काळजी सुरू होते.

नुसा पेनिडाचे उदाहरण थोडे सविस्तर पाहू, कारण मराठी पर्यटकांच्या बालीत ते हमखास असते. सानुरहून वेगवान बोटीने पाऊण तासाच्या आसपास लागतो. बेटावरचे रस्ते अरुंद आणि चढउताराचे आहेत, आणि केलिंगकिंगसारखी प्रसिद्ध ठिकाणे पश्चिमेच्या उंच कड्यांवर आहेत. मोबाइलच्या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात. कड्याच्या माथ्यावर रेंज असली, तरी खाली किनाऱ्याकडे उतरले की फोन आणि टॉवर यांच्या मधे अख्खा खडक येतो. तिथे कंपनी बदलूनही फारसे काही साधत नाही. स्कूटर घेऊन एकटे-दुकटे फिरणाऱ्यांनी गुगल मॅप्समध्ये बेटाचा नकाशा आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्यावा. परतीच्या बोटीचे तिकीट आणि धक्क्याचे नाव यांचा स्क्रीनशॉटही काढावा. एवढे केले की रेंज नसतानाही जीपीएसमुळे आपण नकाशावर कुठे आहोत ते दिसते, कारण जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही.

मग घ्यायच्या ई-सिममागे कोण आहे हे कसे ओळखायचे? योजनेच्या पानावर ‘नेटवर्क’ किंवा ‘कव्हरेज’ असा छोटा भाग असतो. त्यात टेल्कोमसेल, एक्सएल, इंडोसात यांपैकी नावे लिहिलेली असतात. दोन नावे असतील तर चांगले, कारण एक गेले तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरे हाताने निवडता येते. ‘बेस्ट लोकल नेटवर्क’ एवढेच लिहून नाव दडवणाऱ्याला मी पुढे जायला सांगेन. जो नाव सांगत नाही, तो बहुधा त्या दिवशी घाऊक बाजारात जे स्वस्त मिळेल ते देतो.

ट्रॅव्हल ई-सिम की स्थानिक ई-सिम?

वरवर दोन्ही सारखीच वाटतात, पण आत फरक आहे. टेल्कोमसेलसारख्या कंपनीचे पर्यटक ई-सिम म्हणजे इंडोनेशियाचे खरे कनेक्शन. त्यासाठी पासपोर्टची नोंद करावी लागते. शिवाय इंडोनेशियात २०२० पासून फोनच्या आयएमईआयवर नियंत्रण आहे: बाहेरून आणलेला फोन नोंदवल्याशिवाय स्थानिक सिमवर चालत नाही. थोड्या दिवसांच्या पर्यटकाला कंपनीच्या काउंटरवर ९० दिवसांपर्यंतची तात्पुरती नोंद करून मिळते. त्यामुळे सात दिवसांच्या सहलीत घाबरण्यासारखे काही नाही. मात्र हे सिम रस्त्यावरच्या टपरीत न घेता कंपनीच्या अधिकृत काउंटरवर किंवा संकेतस्थळावर घ्यावे. विमानतळावरचे भाव शहरापेक्षा चढे असतात, पण तिथली माणसे नोंदणी आणि सेटिंग दोन्ही करून देतात. आईवडिलांना एकटे पाठवत असाल तर ते जास्तीचे पैसे वसूल आहेत.

ट्रॅव्हल ई-सिमचे तसे नसते. त्याचे प्रोफाइल भलत्याच देशातल्या कंपनीचे असते आणि बालीत ते ‘रोमिंग’वर चालते. रोमिंगवरच्या फोनला आयएमईआयची ती नोंद लागत नाही, म्हणून विमान उतरताच नेट सुरू होते. त्याची दुसरी बाजू अशी, की तुमचा डेटा अनेकदा त्या तिसऱ्या देशातून फिरून जातो. उबुडमध्ये बसून तुम्ही एखादे पान उघडता आणि त्याला वाटते की तुम्ही हाँगकाँगमध्ये किंवा पोलंडमध्ये आहात. परिणाम: पान उघडायला किंचित उशीर, जाहिराती अनोळखी भाषेत, आणि क्वचित एखाद्या बँकेचे ॲप संशय येऊन आत घ्यायला नकार देते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ट्रॅव्हल ई-सिम तपासली, तेव्हा काहींचा डेटा वापरणाऱ्याला पत्ता नसताना परदेशी नेटवर्कांतून, त्यात चिनी नेटवर्कातूनही, जात असल्याचे त्यांना आढळले. सुट्टीचे फोटो पाठवायला याने काही बिघडत नाही. कार्यालयाचे काम किंवा बँकेचे मोठे व्यवहार करणार असाल तर स्थानिक सिम किंवा भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक बरा.

बहुतेक ट्रॅव्हल ई-सिम फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबर नसतो. ही उणीव वाटते तेवढी मोठी नाही. व्हॉट्सॲप तुमच्या जुन्या भारतीय नंबरवरच चालू राहते आणि बालीतले चालक, होमस्टेचे मालक, बोटवाले सगळे व्हॉट्सॲपवरच बोलतात. ग्रॅब आणि गोजेक या टॅक्सीच्या ॲपमध्ये चालकाशी बोलायला चॅट आणि कॉलची सोय आहे. मात्र या ॲपमध्ये नाव नोंदवताना ओटीपी येतो, तेव्हा ते काम भारतातूनच उरकून जावे. (बालीतल्या काही गावांत स्थानिक टॅक्सीवाले या ॲपच्या गाड्यांना प्रवासी उचलू देत नाहीत. तिथे उत्तम डेटा असूनही भाव तोंडीच ठरवावा लागतो.)

भारतातून विकत घेताना एक अडचण

परदेशी कंपनीचे सिम किंवा ई-सिम भारतात विकायचे असेल तर दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या जगभर चालणाऱ्या दोन सेवांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली आणि त्यांची संकेतस्थळे रोखण्यास इंटरनेट कंपन्यांना सांगण्यात आले. यूट्यूबवरचे परदेशी प्रवासी ज्यांची नावे उठता-बसता घेतात, ती ॲप भारतात शोधून सापडली नाहीत तर कारण हे आहे.

हा नियम विकणाऱ्यासाठी आहे. पण ग्राहकालाही त्याची झळ बसते: आडमार्गाने घेतलेले ई-सिम बंद पडले तर तक्रार कोणाकडे करायची? म्हणून भारतात परवानगी घेऊन विकणारी कंपनी निवडावी. अशी कंपनी पासपोर्टची प्रत आणि प्रवासाचा पुरावा मागते. तो त्रास वाटला तरी चांगले लक्षण समजावे. दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेहून थेट बालीला येणाऱ्या नातेवाइकांना हे बंधन नाही, त्यामुळे एकाच कुटुंबातल्या चौघांकडे चार तऱ्हेची ई-सिम असणे शक्य आहे. एअरटेल, जिओ, व्ही यांचे आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक हा तिसरा मार्ग. जीबीचा हिशेब केला तर ते बहुधा महाग पडतात, पण त्यात आपलाच नंबर, कॉल आणि एसएमएस चालू राहतात, वेगळे काही बसवावे लागत नाही. तीन-चार दिवसांची सहल किंवा तंत्राची कटकट नको असलेली ज्येष्ठ मंडळी यांच्यासाठी तो पर्याय वाईट नाही. पॅक घेताना इंडोनेशिया त्याच्या यादीत आहे का, आणि तिथे तो कोणत्या नेटवर्कवर चालतो, एवढे मात्र विचारा. टॉवरचा नियम इथेही सुटत नाही.

डेटा किती लागतो, आणि ‘अनलिमिटेड’ म्हणजे किती?

ढोबळ हिशेब करू. नकाशा दाखवत गाडी चालवायला तासाला पाच-दहा एमबी पुरतात. आठवडाभर वापरला तरी शंभर एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवरचा साधा कॉल मिनिटाला एमबीच्या आतबाहेर, व्हिडिओ कॉल पाच एमबीच्या आसपास. रोज २० मिनिटे कॉल, १५ मिनिटे नातवंडांशी व्हिडिओ, ५० फोटो घरच्या ग्रुपवर, आणि टॅक्सी-हॉटेल शोधणे, असे सगळे धरून सात दिवसांत सव्वा जीबीच्या आत भागते. याच माणसाने रोज अर्धा तास रील पाहिली की आकडा तीन जीबीपलीकडे जातो. म्हणजे डेटा खाते ते भटकंती नाही, तर हॉटेलच्या खाटेवर पडून पाहिलेली रील. आणि तिथे तर वायफाय असते.

खरा चोर वेगळाच आहे. फोनने आपोआप केलेला फोटोंचा बॅकअप. फोरके दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ दीडशे-दोनशे एमबी किंवा त्याहून मोठा असतो. कड्यावरून काढलेले असे व्हिडिओ मागच्या मागे ढगात चढत राहिले की पाच जीबीचा पॅक बघता बघता आटोपतो. बॅकअप आणि ॲपचे अपडेट ‘फक्त वायफायवर’ करून ठेवले तर सात दिवसांना बहुतेकांना तीन ते पाच जीबी भरपूर होतात.

‘अनलिमिटेड’ योजनांत बारीक अक्षरे वाचावीत. अनेकदा रोज एक किंवा दोन जीबीनंतर वेग इतका घटवतात, की संदेश जातो पण नकाशा रेंगाळतो. ‘रोज’ म्हणजे नेमके कधीपासून, हाही प्रश्नच. काही योजनांचा दिवस सुरू केल्यापासूनचे २४ तास असतो, काहींचा जागतिक प्रमाणवेळेनुसार बदलतो. बालीचे घड्याळ भारताच्या अडीच तास आणि जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढे आहे. त्यामुळे अशा योजनेचा नवा दिवस तिथे सकाळी आठ वाजता उजाडतो. सूर्योदय पाहायला बातूर पर्वतावर पहाटे चढणाऱ्याला आदल्या दिवशीच्या उरल्यासुरल्या डेटावरच भागवावे लागते.

हॉटस्पॉट चालतो का, तेही पाहा, अनलिमिटेड योजनांत त्यावर मर्यादा असते. दोघांत एकच ई-सिम घेऊन हॉटस्पॉटवर भागवण्याची युक्ती बरेच जण करतात. हॉटेलात ती ठीक. पण बाजारात दोघे दोन दिशांना गेले, किंवा हॉटस्पॉटवाल्या फोनची बॅटरी दुपारी तीनलाच संपली, की वाचवलेले चार-पाचशे रुपये महाग वाटू लागतात. चौघांच्या कुटुंबाने निदान दोन ई-सिम, आणि तीही दोन वेगळ्या नेटवर्कवरची घ्यावीत. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असेल.

मुंबईहून जाताना वाटेत सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूरला विमान बदलावे लागले, तर ‘आशिया’ पॅक घ्यायचा मोह होतो. दोन-चार तासांच्या थांब्याला विमानतळाचे मोफत वायफाय पुरते. एका देशाचा पॅक स्वस्तही असतो आणि त्यात नेटवर्कची नावेही स्पष्ट दिलेली असतात.

भारतीय नंबर जिवंत ठेवा

डेटा बंद पडला तर हॉटेलचे वायफाय आहे. ओटीपी आला नाही तर कार्ड अडते, बँकेचे ॲप उघडत नाही, परतीच्या तिकिटात बदल करता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी भारतीय कंपनीला तीन गोष्टी विचारा: माझ्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे का, इंडोनेशियात येणारे एसएमएस मोफत आहेत का, आणि प्रीपेड असल्यास परत येईपर्यंत रिचार्जची मुदत आहे का. काही वेळा एसएमएससाठीही छोटा रोमिंग पॅक घ्यावा लागू शकतो. तो खर्च टाळू नये. आलेला कॉल मात्र पॅकशिवाय उचललात तर मिनिटाप्रमाणे पैसे लागतात. बँकेची जाहिरात ऐकायला एवढा खर्च कशाला? समोरच्याला व्हॉट्सॲपवर बोलवावे.

याच्या उलट एक गोष्ट शेवटच्या आठवड्यात अजिबात करू नये: स्वतःच्या भारतीय सिमचे ई-सिममध्ये रूपांतर. भारतात सिम बदलले की सुरक्षेसाठी पुढचे २४ तास एसएमएस बंद राहतात, आणि त्याच काळात तुम्हाला वेब चेक-इनचा ओटीपी हवा असतो. शिवाय ई-सिम करून देतो म्हणून फोन करणारे, लिंक किंवा ओटीपी मागणारे भामटे सध्या खूप आहेत. त्यांच्या हाती ओटीपी गेला की तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये जातो आणि बँकेचे संदेशही तिकडेच. प्रवासाचे डेटा ई-सिम घ्यायला तुमचे भारतीय सिम बदलावे लागत नाही, हे लक्षात ठेवले की असला फोन लगेच ओळखू येतो.

बसवायचे कधी, सुरू करायचे कधी?

ई-सिम घरच्या वायफायवर, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी बसवावे. क्यूआर कोड त्याच फोनवर आला तर स्वतःच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करता येत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा किंवा छापून घ्या. बहुतेक कोड एकदाच चालतात. ‘नेट लागत नाही’ म्हणून प्रोफाइल पुसून पुन्हा बसवायला गेले की नवे विकत घ्यावे लागण्याची वेळ येते. पुसण्याआधी विक्रेत्याच्या मदत केंद्राला विचारा. मुदत बसवल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, हे विकत घेतानाच पाहून ठेवा. पहिल्या प्रकारचे असेल तर विमानात बसायच्या दिवशी बसवा.

उतरल्यावर तीन सेटिंग करायची. मोबाइल डेटासाठी नवे ई-सिम निवडा आणि त्याचे ‘डेटा रोमिंग’ चालू करा. ट्रॅव्हल ई-सिमला ते लागतेच, आणि नेट न लागण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हे बंद असणे. भारतीय सिम चालू ठेवा, पण त्याचे डेटा रोमिंग बंद. तिसरे, एका सिमची रेंज गेली की फोनने आपोआप दुसऱ्यावर जाण्याची जी सोय असते, ती बंद करा. नुसा पेनिडाच्या कड्याखाली ई-सिमची रेंज गेली आणि फोन गुपचूप भारतीय सिमच्या रोमिंगवर गेला, तर पॅक नसलेल्याला बिलाचा झटका बसतो. विमानात आणि मोठ्या पर्यटन जहाजांवर उपग्रहावर चालणारे महागडे मोबाइल नेटवर्क असू शकते. तिथे फ्लाइट मोड लावून ठेवावा.

इंडोनेशियात शिरताना लागणारे व्हिसा, सीमाशुल्काचे घोषणापत्र आणि बालीचा १,५०,००० रुपिया पर्यटन कर यांचे क्यूआर कोड आधीच स्क्रीनशॉट करून ठेवा. पासपोर्टच्या रांगेत नवे ई-सिम नेटवर्क शोधत बसलेले असते आणि मागची माणसे तुमच्याकडे पाहत असतात.

न्येपीला कोणतेच सिम चालत नाही

एक दिवस असा आहे की बालीत कितीही महागाचे ई-सिम असले तरी मोबाइल डेटा मिळत नाही. न्येपी, म्हणजे बालीच्या हिंदूंचे शक नववर्ष. त्या दिवशी मौन पाळतात, दिवे मंद ठेवतात, रस्त्यावर कोणी फिरत नाही, पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावे लागते. विमानतळ २४ तास बंद असतो आणि २०१८ पासून या दिवशी मोबाइल इंटरनेटही बंद ठेवले जाते. हॉटेलचे वायफाय बहुधा चालू राहते. हे शक म्हणजे आपल्या पंचांगातलेच शालिवाहन शक: २०२६ मध्ये शके १९४८ सुरू झाले तो गुढीपाडवा आणि न्येपी दोन्ही १९ मार्चलाच होते. अधिक महिन्याच्या हिशेबातल्या फरकाने दरवर्षी तारीख जुळतेच असे नाही, म्हणून मार्चमधली सहल ठरवताना न्येपीची तारीख वेगळी पाहावी. त्या दिवसासाठी नकाशे, तिकिटे, वाचायला-पाहायला काही आदल्या संध्याकाळीच उतरवून घ्या.

बाली नसेल तर

मालदीवमध्ये धिरागू आणि उरेडू या दोनच मोबाइल कंपन्या आहेत, त्यामुळे निवड सोपी. रिसॉर्टमध्येच राहणार असाल तर वायफाय असतेच, तेव्हा छोटा पॅक पुरतो. स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसमध्ये राहून बोटीने फिरणार असाल तर मोठा घ्या. मॉरिशस आणि श्रीलंकेत १२ फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने पैसे देता येतात. तिथे डेटा आणि भारतीय नंबर दोन्ही चालू असणे जास्तच उपयोगाचे, कारण यूपीआय ॲपला नोंदवलेले सिम फोनमध्ये हवे असते. अंदमान आणि लक्षद्वीपला जाणाऱ्यांना यातले काहीच नको, आपले नेहमीचे सिम तिथे चालते. चेन्नईहून अंदमानला ऑगस्ट २०२० मध्ये आणि कोचीहून लक्षद्वीपला जानेवारी २०२४ मध्ये समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून तिथले नेटही पूर्वीसारखे उपग्रहावर विसंबून राहिलेले नाही. फक्त तिथेही कोणत्या कंपनीचा टॉवर जवळ आहे, ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारून घ्यावे.